नव्या संगणकाचा ताप आणि त्याचे निदान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून संतवाङ्मयापर्यंत अनेक विषयांवर विद्वत्तापूर्ण भाषणे झाली. त्या पंगतीत ‘संगणकाचा ताप’ हा विषय आणून बसविणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात पाना-पेचकस वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय मी निवडलेला नसून कार्यकारिणीने माझ्या गळ्यात घातलेला आहे. आणि त्यामागे जे कारण आहे ते केवळ यंत्राचे नाही, माणसांचेही आहे.

मी अभियंता नाही. माझी पदवी कला शाखेची, आणि उमेदीची सारी वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत गेली. उष्णतेचे शास्त्र मी महाविद्यालयात शिकलो नाही. पण कचेरीत एक विद्या मात्र नित्य घोटावी लागते. तक्रार आली की प्रथम वस्तुस्थिती नोंदवावी, मग कारण शोधावे, आणि जबाबदारी कोणाची हे सर्वांत शेवटी ठरवावे. हा क्रम उलटा केला की निरपराध माणूस सापडतो आणि खरे कारण जागच्या जागी राहते. संगणकाच्या तापालाही हाच नियम लागू पडतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांच्या वह्या, गणेशोत्सवाचे हिशेब आणि हस्तलिखित अंक यांपैकी काहींना कसर लागली आहे. काहींची शाई इतकी फिकी झाली आहे की आणखी पाचदहा वर्षांनी अक्षर लागणे कठीण. या सर्वांच्या प्रतिमा काढून ठेवाव्यात असे ठरले. तयार संगणकाची किंमत आपल्या खजिन्याला झेपणारी नव्हती. तेव्हा आपल्याच दोन मुलांनी आणि एका मुलीने सदर पत्रप्पा रस्त्यावरून, म्हणजे सारे शहर ज्याला एस. पी. रोड म्हणते तेथून, सुटे भाग आणले आणि वाचनालयाच्या टेबलावर संगणक जुळविला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसा बंगळूरकरांना हा रस्ता. संगणक सुरू झाला, पेढे वाटले गेले. आणि पहिल्याच रविवारी दहा-बारा पाने झाली न झाली तोच तो आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “अहो, पोरांच्या हाती पैसे दिले, ते पाण्यात गेले!” काम बाहेरच्या एखाद्या व्यावसायिकाकडे सोपवावे, अशी सूचनाही आली. ती मुले मान खाली घालून उभी होती. मला वाटते, त्या घटकेला वह्यांपेक्षाही अधिक मोलाचे काहीतरी आपल्या हातून निसटत होते.

आता थोडे मुळाकडे जाऊ. संगणक तापतो कशामुळे? प्रोसेसरला जेवढी वीज मिळते तेवढी सगळी अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्याने गणित केले, अक्षर ओळखले, चित्र उमटविले, तरी विजेचा एकही अंश कोठे शिल्लक राहत नाही. तिची उष्णताच होते. ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली पूर्ण झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रांची दालने थंड राखणे हा त्या काळी त्यांच्या कामाचाच एक भाग असे. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि उष्णतेचा प्रश्न मिटला असे काही काळ वाटले. १९७१ मधील इंटेलच्या ४००४ या पहिल्या प्रोसेसरात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याची भूक जेमतेम एका वॅटच्या घरातली होती. त्याला ना पंखा, ना पत्रे. परंतु २००४ च्या सुमारास पेंटियम फोर शंभर वॅटच्या पलीकडे गेला. त्याच वर्षी इंटेलने त्याच मार्गावरील पुढची रचना सोडून दिली आणि एका घोड्याला अधिकाधिक पळविण्याऐवजी दोन घोडे जुंपण्याचे धोरण पत्करले.

आपल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ सिद्ध केला, हा आपल्या अभिमानाचा विषय. त्याच मालिकेतील ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक २०२२ पासून येथे, आपल्या बंगळुरातील भारतीय विज्ञान संस्थेत आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात तर उष्णता हरण करण्यासाठी द्रव थेट प्रोसेसरच्या अंगाशी फिरविला जातो. सांगण्याचा हेतू एवढाच, की उष्णतेचा प्रश्न पोरकट नाही. देशातील मोठमोठे अभियंतेही त्याच्याशी झुंजतात. आपल्या वाचनालयातील यंत्राला तो भेडसावला, यात लाजण्यासारखे काही नाही.

आजच्या मध्यम प्रतीच्या प्रोसेसरचा विचार करू. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-फाइव्ह १२४०० हा २०२२ च्या आरंभी बाजारात आला. त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेले असते. पण जोराचे काम पडले की तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ही उष्णता ज्या सिलिकनच्या तुकड्यात निर्माण होते त्याचे क्षेत्रफळ फार तर दीड-पावणेदोन चौरस सेंटीमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढे. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीची उष्णता तिच्या संपूर्ण तळावर पसरलेली असते. इंचाइंचाचा हिशेब केला तर प्रोसेसर इस्त्रीहून दसपटीने दाहक ठरतो. म्हणून त्याच्या डोक्यावर कूलर बसवावा लागतो.

कूलरचे काम समजण्यासाठी पुस्तक उघडण्याचे कारण नाही. उडप्याच्या हॉटेलात जावे. वाफाळलेली कॉफी पेल्यात आणि दवऱ्यात येते. उतावळा माणूस ती दवऱ्यात ओततो, कारण पसरट भांड्यात तिचे हवेशी अंग अधिक लागते आणि ती लवकर निवते. कूलरवरील ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे म्हणजे हा दवरा, आणि पंखा म्हणजे आपण मारलेली फुंकर. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवावा. माठातले पाणी बाष्पीभवनामुळे खोलीपेक्षाही गार होते. पंख्याच्या कूलरला ते कदापि साधत नाही. खोलीत ३० अंश असतील तर प्रोसेसर ३० च्या खाली येणार नाही, तो वरच राहणार. २४ एप्रिल २०१६ रोजी आपल्या या थंड म्हणविणाऱ्या शहरात पारा ३९.२ अंशांवर गेला होता. त्या दिवशीची ती नऊ अंशांची वाढ प्रत्येक प्रोसेसरच्या माथी तशीच चढली असणार. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असल्यामुळे येथील हवा मुंबईच्या मानाने सुमारे दहा टक्के विरळ आहे. तोच पंखा तितक्याच वेगाने फिरला तरी येथे तो थोडी कमी हवा वाहून नेतो.

पण हवा हा प्रवासाचा शेवटचा टप्पा. पहिला टप्पा म्हणजे प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवरून उष्णता कूलरच्या तळात शिरणे. आणि नव्याने जुळविलेल्या संगणकात बहुतेक घोटाळा याच उंबरठ्यावर होतो. दोन्ही पृष्ठे डोळ्यांना आरशासारखी गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती डोंगर-दऱ्यांसारखी असतात. त्या दऱ्यांत हवा अडकते. तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजार पट उष्णता वाहून नेते. अर्थात हवेचा कागदाएवढा थरसुद्धा भिंतीसारखा आडवा येतो. ही हवा हुसकून लावण्यासाठी मध्ये पेस्ट लावतात. परंतु पेस्ट काही तांबे नव्हे! ती हवेपेक्षा कितीतरी बरी, तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून ती लोण्यासारखी थापायची नसते. मटारच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवावी आणि कूलरच्या दाबाने तिला आपोआप पसरू द्यावे. खरी किमया दाबाची आहे. दाब पुरेसा आणि चारी बाजूंनी समान नसेल तर उत्तमातली उत्तम पेस्टही निरुपयोगी ठरते.

याचा हिशेब अगदी अंकगणिताचा आहे. समजा खोलीत ३० अंश आहेत, प्रोसेसर १०० वॅट खातो, आणि कूलर असा आहे की दर वॅटमागे ०.४ अंश वाढतात. म्हणजे ३० अधिक ४०, एकूण ७० अंश, प्रकृती ठणठणीत. आता कूलर नीट टेकला नाही म्हणून वाटेत तेवढाच आणखी अडथळा आला, तर बेरीज ११० होते. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तेथे पोहोचताच तो जीव वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद होतो. बंद पडणे हा येथे रोग नसून शरीराने केलेला बचाव आहे. ताप उतरविण्याच्या घाईत आपण त्या बचावालाच दोष देतो.

आता निदानाकडे वळू. वैद्य जसा प्रथम नाडी पाहतो, तसे येथे प्रथम तापमान पाहावे. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बायोसच्या पडद्यावर, अथवा विनामूल्य मिळणाऱ्या एखाद्या साधनाने, ते कळते. आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेगाने चढतो, हे अधिक बोलके असते. काम देताच दोन-तीन सेकंदांत तापमान शंभराकडे उसळले, तर उष्णता कूलरमध्ये शिरतच नाही असे समजावे. दोष टेकण्यात आहे. तेच तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढले, तर उष्णता कूलरमध्ये शिरते पण तेथून बाहेर पडत नाही. दोष पंख्यात अथवा कॅबिनेटच्या हवेत आहे. दुसरी खूण हाताची. संगणक बंद करून लगेच कूलरच्या पत्र्यांना बोट लावावे. प्रोसेसर शंभर दाखवीत असताना पत्रे गार असतील तर पहिला दोष, चटका बसत असेल तर दुसरा. या दोन खुणांनी अर्धे निदान पेचकसाला हात न लावता होते.

दोष टेकण्यात असेल तर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात, आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

पहिली गोष्ट, कूलरच्या तळावर कारखान्यातून चिकटवून आलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा काढला आहे का? हसू नका, जुळविणाऱ्याच्या नजरेतून हा पापुद्रा फार सहज सुटतो.

दुसरी गोष्ट, चारी पाय बसले आहेत का? इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या कूलरला २००४ पासून प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कर्णात, जोडीजोडीने दाबाव्यात. प्रत्येकीचा ‘टक्’ असा आवाज यावा. आणि मदरबोर्ड उलटा करून चारही टोके मागे पूर्ण बाहेर आली आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. वरून चारही सारख्या दिसतात. लबाडी मागच्या बाजूलाच उघडी पडते. स्क्रूचा कूलर असेल तर एकच स्क्रू शेवटपर्यंत न पिळता, कर्णाने अर्धा-अर्धा फेरा देत जावे.

तिसरी गोष्ट, पेस्ट. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट बाद. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. एएमडीच्या एएम-फोर पद्धतीच्या यंत्रात कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी आणि कूलर किंचित पिळून सोडवावा. सरळ वर ओढला तर प्रोसेसरही खोबणीतून उपटून येण्याची भीती असते.

चौथी गोष्ट, कूलर त्या खोबणीसाठी आहे का? आपल्या संगणकाचे मर्म येथेच होते. मुलांनी प्रोसेसर डब्याविना, म्हणजे कूलरशिवाय घेतला. त्यामुळे काही रक्कम वाचली. कूलर एका सभासदाच्या घरातील जुन्या संगणकाचा, अगदी चांगल्या स्थितीतला होता. इंटेलच्या आधीच्या कित्येक पिढ्यांत कूलरच्या छिद्रांतील अंतर ७५ मिलीमीटर होते. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० या खोबणीपासून ते ७८ मिलीमीटर झाले. एरवी जुना कूलर नव्या मदरबोर्डावर बसलाच नसता आणि गोष्ट तेथेच संपली असती. परंतु काही मदरबोर्डांवर सोय म्हणून दोन्ही अंतरांची छिद्रे पाडलेली असतात. आपला बोर्ड तसाच निघाला. कूलर बसला, चारही खुंट्यांनी ‘टक्’ केले, पंखा फिरू लागला. पण नव्या खोबणीत प्रोसेसरची उंचीही सुमारे एका मिलीमीटरने कमी झाली आहे. जुन्या उंचीसाठी घडविलेला कूलर प्रोसेसरवर दाबला न जाता नुसता टेकून राहिला. अंगावर शाल पांघरावी तसा!

ही गोष्ट कोणी शोधून काढली? त्या तीन मुलांनीच. त्या रविवारी मी त्यांना एक कोरी वही दिली आणि म्हटले, “काही बदलू नका, आधी फक्त लिहा.” त्यांनी वेळ, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान असे रकाने आखले. काम देताच तीन सेकंदांत १०० अंश. पत्रे मात्र गार. वही पाहूनच त्या मुलीने निदान केले, “काका, उष्णता वर येतच नाहीये.” कूलर उचलला तेव्हा पेस्ट एका कोपऱ्यात चंद्रकोरीएवढीच पसरलेली होती, उरलेली जशी लावली तशीच. पुराव्याला आणखी काय हवे? नव्या खोबणीसाठीचा साधा कूलर आणला, आणि त्याच वहीत त्याच कामाला ७० च्या आतले आकडे पडले. पैसे पाण्यात गेले नव्हते. एक मिलीमीटर कमी पडला होता.

दोष हवेत असेल तर उपाय निराळे. कूलरच्या पंख्याची तार मदरबोर्डावरील त्याच्या स्वतःच्या जागी लागली आहे का, एखादी वायर पात्यांना अडत नाही ना, आणि पंख्याची दिशा बरोबर आहे ना, हे पाहावे. हवा पुढून आत यावी आणि मागून अथवा वरून बाहेर जावी. उंच मनोऱ्यासारखा कूलर घेताना त्याची उंची आणि कॅबिनेटची रुंदी आधीच ताडून पाहावी. दार लागत नाही म्हणून कूलर वाकविण्याचा उद्योग करू नये. पाण्याच्या कूलरमध्ये पंप सर्वांत उंच ठेवू नये, कारण हवेचे बुडबुडे वर चढून त्यातच साठतात. आणि आपल्याकडील खास चूक म्हणजे संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबून पुढे पडदा सोडणे. देवघराला ते शोभते, संगणकाला नाही.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक मोठा आकडा म्हणजे रोग नव्हे. एएमडीचे २०२२ मधील रायझेन ७००० मालिकेचे काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जावेत, अशाच बेताने घडविलेले आहेत. उलट, अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच प्रोसेसरला हवी तेवढी वीज घेण्याची मुभा देतात. बायोसमध्ये ती मर्यादा मूळ प्रमाणावर आणली की थोडीशी गती जाते आणि बराचसा ताप उतरतो. आणि प्रत्येक बिघाड कूलरचाही नसतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत होते, त्याचे मूळ वाजवीपेक्षा अधिक विद्युत्‌दाबात आहे, हे कंपनीनेच २०२४ मध्ये मान्य केले आणि त्यावर सुधारित आज्ञावली दिली. तेथे कूलर दहा वेळा बदलूनही उपयोग झाला नसता.

आपल्या या शहरात खंडेनवमीला, म्हणजे येथील आयुधपूजेला, रिक्षापासून लेथ यंत्रापर्यंत सर्वांना हार पडतात. त्या दिवशी संगणकालाही हळदकुंकू लावावे, पण त्याआधी वीज तोडून त्याचे दार उघडावे, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशाने वर्षाची धूळ झटकावी, आणि वहीत तापमानाचा आकडा लिहावा. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहिला की यंत्राची प्रकृती आपोआप कळते. याहून मोठी पूजा त्या यंत्राला नको.

बंधुभगिनींनो, वह्यांच्या प्रतिमा काढण्याचे काम आता दर रविवारी चालू आहे. मंडळाच्या पहिल्या पिढीने ज्या वह्या लिहिल्या त्या वाचविण्याचे काम तिसरी पिढी करीत आहे, आणि तिने स्वतःच्या हाताने जुळविलेल्या यंत्रावर करीत आहे. त्या दिवशी आपण चौकशीपूर्वीच निकाल दिला असता तर संगणक बाहेरून दुरुस्त करून आणता आला असता. मुलांचा उत्साह मात्र कोणत्याही दुकानात मिळाला नसता. तेव्हा यंत्र असो, संस्था असो की माणूस असो, तो तापला की आधी नोंद करावी, मग स्पर्श करून पाहावा, आणि दोष देण्यापूर्वी दाब कोठे कमी पडला हे शोधावे.

मुलांची ती वही वाचनालयात ठेवली आहे. ज्यांना नवा संगणक जुळवावयाचा असेल त्यांनी ती अवश्य चाळावी.